फेरी संपली की फोन करतो

ज्या ऑफिसात माणसं चार आणि टेबल एकच असतं, तिथे किस्से जमवावे लागत नाहीत. आदल्या दिवशीच्या भातासारखे ते उरतातच. आपण फक्त झाकण काढून बघायचं, अजून चांगले आहेत का. माझ्याकडे तर ते लिहूनच ठेवलेले आहेत, कारण आमच्याकडे दोषवही लिहिण्याचं काम माझं. फोनमध्ये काय बिघडलं, केव्हा बिघडलं, कोणाच्या हातात बिघडलं, आणि चौथा रकाना शेऱ्यांचा. त्या चौथ्या रकान्यात जे लिहायला नको होतं ते मी दोन वर्षं लिहीत आलेय. त्यातलंच थोडं वाचून दाखवते.

आमचं ऑफिस कोलकात्यात, बेहाला भागात. खाली पडद्यांच्या कापडाचं दुकान, वर आम्ही. आम्ही एक फोन बनवत होतो, जो हातात धरून खेळायचं यंत्रही होता. काचेवर अंगठे घासत खेळायचं नाही, दोन्ही बाजूंना खरीखुरी, दाबली की टक् वाजणारी बटणं. असे फोन जगात आधी झाले नाहीत असं नाही. झाले, आणि त्यातले बरेच बंदही पडले. कारण फोन आणि खेळ एका डब्यात कोंबणं सोपं, त्यांना एकत्र नांदवणं अवघड. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पहिला नमुना तयार झाला तो लांबट, चपटा, रुपेरी. आमच्या बंगाली मंडळींनी बघताक्षणी त्याला ‘पाबदा’ म्हणायला सुरुवात केली. पाबदा हा इथला एक मासा. कागदोपत्री त्याचं नाव वेगळं होतं, इंग्रजी होतं, ते आता मला आठवतही नाही.

मालक शुभंकरदा. त्यांना मालक म्हटलेलं आवडत नाही, पण हात असलेली खुर्ची ऑफिसात एकच आहे आणि तिच्यात तेच बसतात. त्यांनी पहिल्या दिवशी एक नियम केला. जो पाबदा बनवेल तो पाबदाच वापरेल. दुसरा फोन जवळ ठेवायचा नाही. आमचे सगळ्यांचे जुने फोन त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातले आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुढे जे जे झालं ते सगळं या नियमामुळे झालं.

त्या दिवशी फोन देताना घोषबाबूंनी शुभंकरदांना तीन वेळा विचारलं, “नंबर तोच राहील ना?”

तिसऱ्यांदा विचारल्यावर मी मान वर करून बघितलं.

*

घोषबाबू आमचे बटणवाले. वय बासष्ट. हावड्याच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी लिफ्टची बटणं बनवण्यात घालवली. बोट बटणावर कसं पडतं याबद्दल त्यांना जेवढं कळतं तेवढं मला माणसांबद्दलही कळत नाही. “माणूस घाईत असला की एकच बटण पाच वेळा दाबतो,” ते सांगायचे. “लिफ्ट लवकर येत नाही हे त्याला माहीत असतं. तरी दाबतो. बटण त्या पाच वेळांसाठी बनवायचं.” आमचं बोलणं बंगालीतच चालायचं, मी इथे आपल्या भाषेत देतेय.

नोकरीवर येताना त्यांनी एकच गोष्ट विचारली होती. हा फोन आहे की खेळणं? शुभंकरदा म्हणाले, फोन आहे, आत खेळ आहेत. घोषबाबूंनी जरा विचार केला आणि म्हणाले, मग ठीक आहे, आधी फोन.

त्या ‘आधी फोन’मागे त्यांचा मुलगा होता, बुबाई. बुबाईने सरकारी, कायमची नोकरी सोडली, कारण त्याला मोबाईलवरच्या खेळांचं धावतं समालोचन करायचं होतं. लोक खेळणार, हा बोलणार, आणखी लोक ऐकणार. घोषबाबूंना हे समजावून सांगताना तो अर्धं लक्ष हातातल्या खेळात ठेवून बोलत होता, आणि तिथेच बिनसलं. घोषबाबू म्हणाले, “हातातला खेळ खाली ठेवशील त्या दिवशी मला फोन कर.” बुबाई हावड्याला खोली घेऊन राहायला गेला. एक पूल ओलांडला की हावडा. त्या गोष्टीला दोन वर्षं होत आली होती.

आईला तो रोज सकाळी आठला फोन करायचा. बरोबर आठ वाजता घोषबाबू पिशवी घेऊन बाजारात जायचे. परत आले की बायकोला विचारायचे, सगळं ठीक? ती म्हणायची, ठीक. एवढंच.

दोन वर्षांत त्यांच्या घरी भाजी कधी कमी पडली नाही.

*

आता कौस्तुभ. आमचा सॉफ्टवेअरवाला. वडील बँकेत, त्यांची बदली पुण्याहून इकडे झाली तेव्हा हा पाठोपाठ आला. वडिलांची परत बदली झाली, हा राहिला. बंगाली तो आत्मविश्वासाने बोलतो आणि समोरचा माणूस विनयाने हिंदीत उत्तर देतो.

पाबदाच्या पहिल्या नमुन्यात जागा कमी म्हणून आम्ही एक काटकसर केली होती. खेळात उडी मारायचं बटण आणि फोन ठेवायचं बटण एकच. खेळताना उडी, बोलताना फोन बंद. कागदावर हे फार हुशारीचं दिसत होतं.

त्याच आठवड्यात कौस्तुभला पुण्याहून मुलीच्या आईचा फोन आला. स्थळ आवडलेलं होतं, दोन-चार गोष्टी विचारायच्या होत्या. कौस्तुभने इअरफोन कानात घातले आणि अंगठे मोकळे राहिले. मोकळे अंगठे हा या यंत्राचा मोठा शत्रू. गाडी व्यवस्थित चालली होती. मग त्या बाईंनी विचारलं, “लग्नानंतर तुम्ही कोलकात्यातच राहणार का पुण्याला याल?”

प्रश्न अवघड होता. कौस्तुभच्या अंगठ्याने उडी मारली. फोन बंद.

त्यांनी पुन्हा लावला. फोन कट झाला वाटतं, म्हणाल्या, आणि राहिलेल्या प्रश्नापासून सुरुवात केली. पुन्हा उडी! तिसऱ्या वेळी त्यांनी फक्त “मग पुण्याला” एवढंच म्हटलं असेल नसेल.

त्यानंतर फोन आला नाही. कौस्तुभ संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसून होता. मी त्याला दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा तो गार झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला की तिकडून होकार आहे. मुलीची आई म्हणाली होती, मुलगा स्वतःच्या मताचा दिसतो, उगाच गोड बोलून वेळ मारून नेत नाही, आमच्या मुलीला असाच हवा होता.

दोषवहीतला शेरा: उडी आणि फोन बंद ही बटणं वेगळी करणे. लग्न ठरले.

*

माझाही एक किस्सा आहे, तो लपवला तर बरं दिसणार नाही.

बालीगंजला आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून देशपांडेकाकू राहतात. माझा जन्म इथलाच, आणि कळायला लागल्यापासून मी त्यांना बघतेय. काका गेले तेव्हा मी नेमकी ऑफिसात होते. लगेच निघता येईना, म्हणून आधी फोन केला. फोन अर्थातच पाबदा. आणि त्यात मी सकाळी तपासायला लावलेला एक खेळ तसाच चालू राहिलेला होता, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

त्या खेळातला आवाज कौस्तुभने चाचणीपुरता स्वतःचाच भरला होता, आणि तोही मराठीत, कारण बंगालीत त्याला कोणी बोलू देत नव्हतं. खेळाचा आवाज फोनवर पलीकडच्या माणसाला ऐकू जातो हा दोष तोवर वहीत नव्हता.

मी काकूंशी बोलत होते. काय बोलायचं असतं अशा वेळी, तेच बोलत होते. आणि माझ्या खेळातला शेवटचा जीव गेला. कौस्तुभ खणखणीत आवाजात म्हणाला, “खेळ संपला. पुन्हा खेळणार?”

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. काकू मात्र शांतपणे म्हणाल्या, “नको रे. छप्पन्न वर्षं खेळले, पुष्कळ झाली.”

मग मला म्हणाल्या, कोण गं तो, आवाज चांगला आहे, एकदा जेवायला घेऊन ये. तेराव्यानंतर मी खरंच त्याला घेऊन गेले. कौस्तुभ तिथे तीन वेळा आमटी वाढून घेत होता आणि एक अक्षर बोलत नव्हता.

*

आता मुख्य भांडण. खेळ ऐन रंगात आहे आणि फोन आला, तर काय करायचं?

कौस्तुभचं म्हणणं, खेळ थांबता कामा नये. खेळणारा माणूस तेवढ्यासाठी तर हा फोन घेणार. घोषबाबूंचं म्हणणं, फोन आला की खेळ तिथल्या तिथे बंद. फोन करणारा माणूस काहीतरी ठरवून फोन करतो, खेळ काय, उद्याही आहे. शुभंकरदा दोघांचंही पटतंय असं म्हणत होते, म्हणजे दोघांचंही पटत नव्हतं. चार दिवस हेच चाललं. जेवताना हे, चहाला हे. खालच्या पडदेवाल्याने एकदा वर येऊन विचारलं, घरातलं काही आहे का?

चौथ्या दिवशी घोषबाबू लिफ्टवर आले. कोणताही वाद ते शेवटी लिफ्टमध्ये नेत, तिथे त्यांना कोणी हरवू शकत नसे. पण त्या दिवशी कौस्तुभने आधीच गाठलं. त्याने विचारलं, लिफ्ट माणसं घेऊन वर चाललीय आणि खालून कोणी बटण दाबलं, तर लिफ्ट काय करते? तिथल्या तिथे फिरून खाली येते?

घोषबाबू म्हणाले, “छे. असं कसं? वरची माणसं पोहोचवते, मग येते.”

“मग झालं तर,” कौस्तुभ म्हणाला.

हातातला पेचकस घोषबाबूंनी टेबलावर ठेवला, मग उचलला, मग परत ठेवला. आपल्याच लिफ्टमध्ये अडकलेला माणूस मी प्रथमच बघत होते. मग ते हळूच म्हणाले, “पण बटणाचा दिवा लागतो. खाली उभा असलेल्याला कळतं की आपलं ऐकलंय, लिफ्ट येणार आहे. म्हणून तो थांबतो. दिवा लागला नाही तर माणूस जिन्याने निघून जातो.”

तिथून पिवळं बटण आलं. खेळताना फोन आला की ते पेटतं. दाबलं की खेळ चालू राहतो आणि पलीकडच्याला आपोआप निरोप जातो. निरोपाची वाक्यं घोषबाबूंनी स्वतः बंगालीत लिहून दिली. तीन दिवस घेतले दोन वाक्यांना. ‘मी खेळतोय. फेरी संपली की फोन करतो.’ त्यांचा आग्रह होता की दुसरं वाक्य गाळता येणार नाही अशी सोय करा, आणि फेरी संपली की तो नंबर आपोआप समोर यायला हवा. तशी सोय केली.

बटण तयार झाल्यावर त्यांनी सगळ्यांना ते दाबून दाखवलं आणि सांगून टाकलं की खऱ्या फोनला मी हे जन्मात दाबणार नाही.

*

पिवळं बटण चाललं, फार चाललं. खेळणारे कमी आणि दाबणारे जास्त अशी गत झाली. शुभंकरदा त्यांच्या मेव्हण्याला महिनाभर तोच निरोप पाठवत होते. मेव्हणा काळजीत पडून बहिणीला म्हणाला, एवढा वेळ खेळतात, मग ऑफिस कोण बघतं?

मी एकदा आईचा फोन असताना दाबलं. मी मिटिंगमध्ये होते, खेळत नव्हते. आईला बंगाली निरोप गेला. ती वाचते व्यवस्थित, चाळीस वर्षं इथे शाळेत शिकवलंय तिने. संध्याकाळी मंडळात गणपतीच्या वर्गणीची यादी करायला बायका जमल्या होत्या, तिथे तिने जाहीर केलं की आमची मेघना बेचाळिसाव्या वर्षी खेळायला लागलीय. घरी आल्यावर मला वाटलं ती बोलणार. ती म्हणाली, “ते बटण माझ्या फोनला बसवून मिळेल का? तुझी मावशी रोज दुपारी फोन करते.”

पण घोषबाबू दाबत नसत. त्यांचा फोन पहिल्या घंटेला उचलला जायचा. अनोळखी नंबर असला तर ते आधी हात पुसायचे आणि उभे राहायचे. क्रेडिट कार्ड हवंय का असं विचारणाऱ्या बाईंशी ते उभ्यानेच बोलत, आणि नको म्हणून हळूच खाली बसत. ते बघायला मला आवडत नसे. वहीत याची नोंद करायचं काही कारण नव्हतं, तरी मी एकदा केली आणि मग खोडली.

एकदा मी त्यांना म्हटलं की तुम्हीच करा ना त्याला फोन. ते म्हणाले, “ज्याला लिफ्ट हवी असते तो बटण दाबतो.”

मला वाईट वाटलं आणि रागही आला. दोघंही आपापल्या मजल्यावर उभे, आणि प्रत्येकाला वाटतंय की बटण दुसऱ्याच्या मजल्यावर आहे.

*

बटणांची चाचणी यंत्राने करतात. घोषबाबूंना ते मान्य नव्हतं. यंत्र सरळ दाबतं, माणूस वाकडं दाबतो, म्हणून प्रत्येक बटण हातानेच दहा हजार वेळा दाबलं गेलं पाहिजे, आणि ते मीच दाबणार. पहिल्या दोन दिवसांत त्यांची मोजणी तीन वेळा चुकली. तेव्हा कौस्तुभने त्यांच्यासाठी एक खेळ लिहून दिला. दाबण्याची मोजणी खेळच करणार.

खेळ अर्थात लिफ्टचा. माणसं मजल्यामजल्यावर उभी, तुम्ही लिफ्ट चालवायची. कोणाला जास्त वेळ थांबवलं की त्याचं तोंड लाल होतं. तीन लाल तोंडं झाली की खेळ खलास. प्रत्येक लेव्हलला एक मजला वाढतो. मधूनमधून कौस्तुभ खोटे फोन सोडणार, तेव्हा पिवळं बटण दाबायचं, म्हणजे तेही तपासून होईल.

पहिल्या दिवशी घोषबाबूंनी तक्रारींची यादी दिली. दारं इतक्या लवकर उघडत नाहीत. लिफ्ट थांबताना किंचित हलायला हवी. चौथ्या मजल्यावरचा माणूस वर जायचं आणि खाली जायचं, दोन्ही बटणं दाबतो, याला आधी शिकवा.

दुसऱ्या आठवड्यात तक्रारी बंद झाल्या. दुपारी भात खाऊन ते अर्धा तास टेबलावर डोकं टेकून पडत असत, तेही बंद झालं. आता ते डोकं वर करत नसत. दहा हजारांचा आकडा केव्हाच मागे पडला होता. मी विचारलं की म्हणायचे, टेस्टिंग.

एक दिवस ते पाऊण तास उशिरा आले. शुभंकरदांनी कारण विचारलं तर म्हणाले, ट्रॅफिक. घोषबाबू मेट्रोने येतात. मेट्रोत तीच लिफ्ट चालवत असताना त्यांचं स्टेशन मागे गेलं, शेवटच्या स्टेशनावरून परत निघाले, आणि परत येताना ते पुन्हा मागे गेलं. हे त्यांनी मला तीन दिवसांनी सांगितलं, आणि वहीत लिहू नकोस म्हणाले.

अडले ते अकराव्या लेव्हलला. तिथे एक हिरव्या साडीतली बाई येते. तिला वर जायचं असतं, पण अर्ध्या वाटेत तिला काहीतरी विसरल्याची आठवण होते आणि ती खाली जायचं म्हणते. घोषबाबूंनी तिच्यापुढे हात टेकले. जेवताना तिचा विषय निघायचा. लिफ्टच्या पूर्ण कारकिर्दीत अशी बाई मी बघितली नाही, म्हणायचे, आणि मग जरा थांबून, बघितली आहे, पण एकच.

मी एकदा सहज म्हटलं, बुबाईला कळवलंत का, तुम्ही खेळता म्हणून?

“मी खेळत नाही,” घोषबाबू म्हणाले. “मी बटणं दाबतो.”

*

शेवटी पाबदा बघायला बंगळूरहून दोन पाहुणे आले. त्यांना पसंत पडला तर फोन मोठ्या प्रमाणावर निघणार, नाही तर बिस्किटांचा डबा उघडायचा आणि आपापले जुने फोन घेऊन घरी जायचं. शुभंकरदांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हात असलेली खुर्ची पाहुण्यांना दिली होती, यावरून काय ते समजा.

दुपारचे तीन वाजले होते. ठरलं होतं की कौस्तुभ खेळून दाखवेल. तो बसलाही. पण पाहुण्यांपैकी जो थोरला होता तो म्हणाला, याला येणारच, याच्याकडे बघूनच कळतं. आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या घोषबाबूंकडे हात करून म्हणाला, त्या काकांना द्या. त्यांना जमलं तर खरं.

घोषबाबूंनी हात पुसले आणि बसले. लिफ्टचा खेळ लावला. तो जिथे सोडला होता तिथूनच सुरू झाला, अकरावी लेव्हल. शुभंकरदांनी डोळे मिटले. सोपं काहीतरी लावा असं मला सांगावंसं वाटत होतं, पण पाहुण्यांसमोर कसं सांगणार?

खरं सांगते, ते सुंदर खेळले. टक् टक् टक् असा एका लयीत आवाज येत होता, बटणं चुकून एकदाही दगा देत नव्हती. पाहुणे खुर्चीतून पुढे झुकले. एक तोंड लाल झालं, मग दुसरं झालं, आता तिसरं झालं की संपलं. लिफ्टमध्ये फक्त हिरव्या साडीतली बाई उरली. तिला आठवण झाली, ती खाली जायचं म्हणाली, आणि घोषबाबूंनी तिला आधीच ओळखून लिफ्ट अर्ध्यातून वळवली.

तेवढ्यात फोन वाजला.

पडद्याच्या वरच्या कडेला नाव आलं. मी शेजारीच उभी होते, मी वाचलं. कौस्तुभनेही वाचलं. त्याचा हात आपोआप पुढे झाला आणि हवेतच राहिला. पिवळं बटण पेटलं.

घोषबाबूंनी ते दाबलं. नजर न हलवता, अंगठ्याने, सवयीने, दहा हजार वेळा दाबलं होतं तसं. निरोप गेला. लिफ्ट खाली पोहोचली, दार उघडलं, हिरव्या साडीतली बाई उतरली. अकरावी लेव्हल पार झाली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरला म्हणाला, हे पिवळं बटण फार छान आहे, हे कोणाचं डोकं? शुभंकरदांनी घोषबाबूंकडे बोट दाखवलं. घोषबाबू हसत आमच्याकडे वळले आणि आमची तोंडं बघून थांबले.

“कोणाचा होता?” त्यांनी मला विचारलं.

नाव त्यांनी वाचलंच नव्हतं. मी म्हटलं, “बुबाईचा.”

त्यांनी फोन अलगद टेबलावर ठेवला. “दाबलं गेलं,” ते म्हणाले. आम्हाला नाही, कोणालाच नाही. फेरी संपली होती, त्यामुळे ठरल्याप्रमाणे बुबाईचा नंबर पडद्यावर आपोआप समोर आला होता. ते त्याच्याकडे बघत बसले, हात मांडीवर. पाहुण्यांना काही कळेना. शुभंकरदा त्यांना चहा घ्या, चहा घ्या म्हणत राहिले.

मग पाबदा टेबलावर थरथरला. मेसेज होता. घोषबाबूंनी खिसे चाचपले, चष्मा सापडेना, चष्मा डोळ्यांवरच होता. त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला आणि तोंड खिडकीकडे केलं.

मी वाचून दाखवलं.

“कितवी लेव्हल, बाबा?”